बाई, तुमचा माईक चालू आहे

नवरा गेला तेव्हा कालिंदी वालावलकर रडल्या नाहीत, हे लालबागच्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी ते कौतुकानं सांगायचं, कुणी आवाज खाली आणून. सुहास वालावलकर गेले ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. स्मशानातही लांबूनच हात जोडायचे होते. ते सगळं उरकून कालिंदीबाई घरी आल्या त्या तडक मोरीत गेल्या, अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच कुकर लावला. नणंद मालनताई घोडपदेवहून फोनवर फोन करत होती.

"वैनी, एकदा रड गो. असा भितर धरून ठेव नको."

"हो," कालिंदीबाई म्हणाल्या.

पण रडू आलं नाही. नंतरही नाही. त्यांनी ते दाबलं होतं असंही नव्हतं. पहिले काही आठवडे त्या वाट बघत होत्या, की आता येईल, निदान सुहासरावांच्या चपला उचलून ठेवताना येईल. चपला उचलल्या, पिशवीत घातल्या, कचऱ्याच्या गाडीत दिल्या. तेव्हाही काही झालं नाही. मग वाट बघणंही थांबलं. वर्षश्राद्धाला आलेल्या बायका "कालिंदी खंबीर हो," म्हणाल्या, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पानं वाढायला घेतली.

दादरच्या एका जुन्या मराठी शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. लग्न झालं तेव्हापासून तिथेच. पूर्वी त्या वर्गात हातवारे करून शिकवत. मोसमी वारे शिकवताना दारापासून खिडकीपर्यंत पदर फडकवत चालत जात, नि मुलं खिदळत. सुहासराव गेल्यावर जून महिन्यात ऑनलाईन वर्ग परत सुरू झाले तेव्हा शिकवणं तसंच नेटकं राहिलं, पण आवाज एका पट्टीत बसला. तो चढत नसे आणि उतरतही नसे. मुलांना त्या आवडत होत्या, कारण त्या कुणावर ओरडत नसत. सहकारी म्हणत, वालावलकर बाई म्हणजे घड्याळ.

सुहासराव गेले त्या दिवसाचं त्यांना जे आठवत होतं ते एवढंच. सहावीचा तास चालू होता. शाळा बंद, म्हणून घरूनच. मुलीचा, इरावतीचा, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडलेला. मृदेचे प्रकार सांगत होत्या. रेगूर झाली, जांभी मृदा सुरू केली, आणि बाजूला ठेवलेला मोबाईल वाजला. दवाखान्याचा नंबर. त्यानंतर एकदम स्वयंपाकघर आठवे. ओट्याला टेकून उभ्या आहेत, हातात मोबाईल आहे, आणि इरावती त्यांच्या पाठीवरून हात फिरवते आहे. मधला तुकडा नव्हताच. तो नाही याचं त्यांना कधी नवलही वाटलं नव्हतं.

या गोष्टीला चार वर्षं होऊन गेली. इरावती शिकून लोअर परळला एका कंपनीत लागली. दिवसभर ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम. घरात दोघीच. सकाळी दोन डबे भरायचे, संध्याकाळी दोन डबे घासायचे.

यंदा दिवाळीची सुट्टी संपवून मुलं शाळेत आली ती एक नवीन आरोळी घेऊन. मधल्या सुट्टीत कुणी कुणाचा डबा पळवला, घंटा झाली आणि कुणी मागे राहिलं, कुणाची पेन्सिल जिन्यावरून गडगडत गेली, की लगेच बारीक, चिरका आवाज काढायचा. "अहोऽऽ, थांबा नाऽऽ!" आणि शेवटी कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं केकाटायचं. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळीकडे तेच.

"हे काय नवीन?" कालिंदीबाईंनी एकदा स्टाफरूममध्ये जेनेलला विचारलं.

जेनेल बाप्टिस्ट शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. भायखळ्याची, तिशीतली, शाळेतल्या सगळ्या मास्तर-बाईंचे फोन दुरुस्त करून देणारी.

"रील आहे ना ते, मॅडम. तुम्ही बघितलं नाही? कुठली तरी बाई आहे, नवऱ्याला 'थांबा ना' करून किंचाळते. सगळे लोक त्याच्यावर व्हिडिओ बनवतात. माझा भाऊ स्टीव्ह तर कुत्र्याच्या मागे धावताना लावतो." तिनं फोन पुढे केला. पडद्यावर एक जाडगेला माणूस सुटलेल्या बसच्या मागे धावत होता. खाली ढोल वाजत होता आणि त्यावर तो आवाज, वेग वाढवून पळवलेला, एखाद्या बाहुलीचा असावा तसा. बस गेली. माणूस फुटपाथवर बसला.

कालिंदीबाई हसल्या. "काय एकेक सुचतं लोकांना," म्हणाल्या आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

डिसेंबरात गॅदरिंग आलं. आठवीच्या नाटुकल्याची जबाबदारी कालिंदीबाईंकडे होती. म्हणजे मुलांनीच लिहिलेलं, मुलांनीच बसवलेलं, बाईंनी फक्त हॉलमध्ये बसून राहायचं. नाटुकलं एका विसरभोळ्या नवऱ्याचं. बायको झालेली प्रिती दर प्रवेशात काही ना काही द्यायला त्याच्यामागे धावते आणि तो निघून गेलेला असतो. त्या वेळी 'थांबा ना' लावायचं, ही राजसची कल्पना. राजस म्हणजे वर्गातला हुशार मुलगा, लॅपटॉप आणि स्पीकर त्याच्या ताब्यात.

"बाई, तो ढोलवाला साऊंड मध्ये येत होता ना, प्रितीचा डायलॉग मारून टाकत होता," तो म्हणाला. "मी ओरिजिनल शोधला. फुल व्हर्जन. ह्याच्यात म्युझिकच नाही. लावू?"

"लाव."

स्पीकर खरखरला. मग एका बाईचा आवाज आला, पळवलेला नव्हे, साधा. "हो, मीच बोलतेय. बोला." मग बराच वेळ काही नाही. कुठेतरी पंखा फिरत असावा तशी घरघर. "कधी?" असं ती बाई म्हणाली. त्यावर एका मुलीचा घोगरा आवाज आला. "बाई, तुमचा माईक चालू आहे."

कालिंदीबाईंनी आधी ओळखला तो हा घोगरा आवाज. हा मनवाचा. त्या ऑनलाईन सहावीतली, सर्दी कायमची. आता कॉलेजात गेली. मनवाचा आवाज इथे कसा, असा विचार त्यांच्या मनात अर्धाच आला होता, तेवढ्यात स्पीकरमधली बाई म्हणाली, "अहो. अहो, थांबा ना. थांबा ना थोडं, मी येतेय ना." आणि मग ते केकाटणं. पळवलेलं नसताना ते केकाटणं नव्हतंच. लांबलचक, खालच्या सुरातलं काहीतरी, जड कपाट फरशीवरून ओढावं तसं.

मुलं हसली. पण थोडीच. प्रिती म्हणाली, "हे एवढं फनी नाहीये रे. स्पीड वाढव."

"परत लाव," कालिंदीबाई म्हणाल्या.

राजसनं परत लावलं. हो, मीच बोलतेय, बोला. कधी. बाई, तुमचा माईक चालू आहे. त्यांनी सगळं ऐकलं. हात मांडीवर होते ते तसेच राहिले. छातीत धडधडलं नाही, घाम आला नाही. हॉलच्या पंख्याला जाळं धरलंय, शिपायाला सांगायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"आवाज कमी ठेव," त्या म्हणाल्या. "आणि प्रिती, तू धावतेस ती प्रेक्षकांकडे पाठ करून धावतेस. डावीकडून ये."

तालीम पूर्ण झाली. त्यांनी हॉलला कुलूप लावलं, स्टाफरूममध्ये बसून नकाशांचे पेपर तपासले, चुकीच्या जागी काढलेली तापी दोन ठिकाणी बरोबर करून दाखवली. घरी जाताना कोथिंबीर घेतली.

संध्याकाळी इरावती आली तेव्हा त्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत होत्या. इरावतीनं पर्स खुर्चीला अडकवली आणि निवडायला बसली.

"इरा," कालिंदीबाई म्हणाल्या, "ते 'थांबा ना' आहे ना, मुलं ओरडतात ते. तो माझा आवाज आहे."

इरावतीचे हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

कालिंदीबाईंनी वर पाहिलं. 'काय?' नाही, 'कसं शक्य आहे?' नाही. कुणी सांगितलं.

"तुला माहीत होतं?"

"गणपतीपासून." इरावती एक काडी मोडत राहिली. "ऑफिसमध्ये एका मुलीनं लावलं. मी बाथरूममध्ये जाऊन परत ऐकलं. मी रोज रिपोर्ट करते, आई. सगळीकडे. एक काढतात की दुसरीकडे दुसऱ्या नावानं येतं. लोकांना मेसेज टाकते, काढा म्हणून. काही जण काढतात. एकानं मला हसण्याची चित्रं पाठवली."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मला वाटलं, तुला कळायच्या आत संपेल. असलं काही दोन-तीन महिने चालतं, मग नवीन काहीतरी येतं."

कालिंदीबाईंनी मुळं कापून बाजूला केली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मी रडले होते का गं त्या दिवशी?"

इरावतीनं हातातली जुडी खाली ठेवली. "आई, मी आतल्या खोलीत होते. तुझा आवाज ऐकून धावत आले. तू खाली बसली होतीस, टेबलाचा पाय धरून. मीच लॅपटॉप बंद केला. तुला आठवत नाही?"

"नाही."

"मग सगळे म्हणायचे ना, वहिनी रडल्याच नाहीत, आणि तू मान डोलवायचीस. मला वाटलं, तुला तसंच सांगायचंय लोकांना. म्हणून मीही गप्प राहिले."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना.

"लाव बघू," कालिंदीबाई म्हणाल्या.

"नको, आई."

"लाव."

इरावतीनं लावलं. कालिंदीबाईंनी टेबलाच्या पायाकडे पाहिलं. तिथे बसलेली बाई डोळ्यांसमोर आणायचा त्यांनी प्रयत्न केला. बाई आली, पण तिला तोंड नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली वाईट बातमी भिंतीपलीकडून ऐकावी तसं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. 'मी येतेय ना,' असं आपण म्हटलं होतं, हे मात्र त्यांनी ध्यानात ठेवलं. मग उठून त्यांनी कोथिंबीर डब्यात भरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेनेलला सांगितलं. मधल्या सुट्टीत, चहाचा कप हातात असताना, सुपरविजनची पाळी बदलून मागावी अशा सुरात. जेनेलनं कप खाली ठेवला. तिचे डोळे भरले आणि कालिंदीबाईंना तिचीच काळजी वाटायला लागली.

"मी तुम्हाला दाखवलं. ओ गॉड, मॅडम. मी तुम्हाला तो बसवाला दाखवला. आणि आपण दोघी हसलो."

"तुला काय ठाऊक? मलाच ठाऊक नव्हतं."

जेनेल त्यानंतर गप्प बसली नाही. तिनं सायबर पोलिसांच्या साईटवर तक्रार भरली, कालिंदीबाईंची सही जिथे लागेल तिथे घेतली, मुख्याध्यापकांकडे गेली. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी दोघींना बसवलं, पाणी मागवलं, आणि म्हणाले, "फार वाईट झालं. पण गॅदरिंग तोंडावर आहे. पालक येतील, पत्रकार येतील. मुलांमध्ये हा विषय आत्ता काढला तर घरोघरी चर्चा होईल. गॅदरिंग झाल्यावर बघू या का?"

"चालेल," कालिंदीबाई म्हणाल्या.

"नाही चालणार, सर," जेनेल म्हणाली. "त्या नाटकात तो आवाज आहे. स्टेजवर लावणार आहेत ते."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. आठवीला जेनेलचा एक तास असायचा, मुलांनी इंटरनेट कसं जपून वापरावं यावर. पासवर्ड कुणाला देऊ नका, अनोळखी माणसाला फोटो पाठवू नका, असल्या स्लाईड्स ती पडद्यावर दाखवायची. त्या तासाला ती हे सांगेल, असं ठरलं.

"मीच सांगते," कालिंदीबाई म्हणाल्या. आपण असं का म्हणालो, हे त्यांना नंतरही उमगलं नाही. कदाचित जेनेल वर्गासमोर रडली असती, आणि ते त्यांना अवघड झालं असतं.

तासाच्या दिवशी त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या. हातात खडू होता, सवयीनं घेतलेला. जेनेल मागच्या भिंतीला टेकून उभी होती.

"राजस, तुझ्याकडे जो 'थांबा ना'चा आवाज आहे, त्याबद्दल बोलायचंय," त्यांनी सुरुवात केली. "तो माझा आहे. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये मी सहावीला ऑनलाईन मृदा शिकवत होते. माझे मिस्टर दवाखान्यात होते. तिथून फोन आला की ते गेले. माझा माईक चालू राहिला. तुम्ही ऐकता तो आवाज त्या वेळचा आहे."

मागच्या बाकावर अर्णव फसकन हसला. हसायचं नव्हतं त्याला, ते त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि कानांपर्यंत लाल झाला. कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

राजस उभा राहिला. "बाई, मला खरंच माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं. बस खाली. मी स्वतः हसले होते त्या बसच्या व्हिडिओला."

तो बसला नाही. प्रितीनं हात वर केला, मग उत्तराची वाट न बघता म्हणाली, "पण बाई, हॉलमध्ये तुम्हाला कळलं ना? तुम्ही 'परत लाव' म्हणालात. मग आम्हाला बोलला का नाहीत? आम्ही पुढे प्रॅक्टिस करत राहिलो."

कालिंदीबाईंनी विचार केला. पोरीनं नीट प्रश्न विचारला होता, त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं.

"मला काही वाटलंच नाही, प्रिती," त्या म्हणाल्या. "वाटायला हवं होतं बहुतेक. पण वाटलं नाही. मग काय बोलणार?"

मुलांना बाई रडल्या असत्या तर काय करायचं ते कदाचित ठाऊक होतं. बाई रडत नव्हत्या. खडू बोटांत फिरवत उभ्या होत्या, स्वाध्याय सांगून झाल्यावर राहतात तशा.

"आता ते सगळ्यांकडे आहे, बाई," अर्णव हळूच म्हणाला. "म्हणजे आम्ही डिलीट केलं तरी."

"हो."

"मग काय करायचं?"

"ते जेनेल मिस सांगतील. मला माहीत नाही." आणि त्या शेवटच्या बाकावर, अर्णवशेजारी, जाऊन बसल्या.

जेनेलनं पडद्यावरच्या स्लाईड्स लावल्याच नाहीत. तिनं राजसला विचारलं, तुला कुठून मिळालं. वडाळ्याच्या मावसभावाकडून. त्याला? त्याच्या क्रिकेटच्या ग्रुपवरून. प्रिती, तुला? ताईनं पाठवलं. एकेकाला विचारत गेली. कुणीही ते बनवलेलं नव्हतं. सगळ्यांना कुणीतरी दिलेलं होतं, आणि सगळ्यांनी कुणाला तरी दिलेलं होतं.

"ओके," ती म्हणाली. "पुढे पाठवायच्या आधी एकच विचारायचं स्वतःला. ह्याच्यातला माणूस आत्ता माझ्या समोर बसलाय. त्याच्यासमोर मी हे लावेन का?"

"मग तर काहीच पाठवता येणार नाही, मिस," कुणीतरी म्हणालं.

"चालेल की."

मग तिनं रिपोर्ट कसा करायचा ते दाखवलं. कुठलं बटण, कुठलं कारण निवडायचं, एकदा नकार आला तर परत कसं करायचं. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. कालिंदीबाई अर्णवच्या वहीकडे बघत होत्या. त्याचं अक्षर फार वाईट होतं.

आठवीच्या मुलांनी घरी जाऊन मनापासून केलं. भावंडांकडून करून घेतलं, पालकांकडून करून घेतलं. बसवाला व्हिडिओ काढला गेला. दोन मोठ्या पेजवरून आवाजही काढला गेला. इरावती म्हणाली, आता शोधावं लागतं, पूर्वी शोधावं लागत नव्हतं. पण पुण्यात कुणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओत तो वाजत होता, आणि मस्कतमधल्या एका मराठी मंडळाच्याही. सायबर पोलिसांकडून तक्रारीचा एक नंबर आला, मग त्या नंबरवर काही आलं नाही. शाळेत मात्र ती आरोळी बंद झाली, एका दिवसात. कालिंदीबाई जिन्यावरून जाऊ लागल्या की मुलं आपोआप भिंतीला लागून उभी राहत. त्यापेक्षा ओरडलेली बरी होती, असं त्यांना एकदा वाटून गेलं. नाटुकल्यात राजसनं 'थांबा ना'च्या जागी शिट्टी वापरली. लोक हसले.

जानेवारीतल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर नील आला. त्याच सहावीच्या वर्गातला. आता अकरावीत, उंच झालेला, ओठांवर लव. प्रितीच्या ताईकडून जुन्या वर्गात गोष्ट पोचली होती. तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला.

"बाई, रेकॉर्डिंग माझं आहे."

"आत ये. बस."

तो बसला नाही. "मला लिहायला वेळ लागायचा. तुम्हाला आठवत असेल."

आठवत होतं. चाचणीला त्याला त्या जादा वेळ देत असत.

"म्हणून मी सगळे तास रेकॉर्ड करायचो. मग थांबवून थांबवून लिहायचो. त्या दिवशी तुम्ही... मी घाबरलो, बाई. तेवढा भाग काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. 'बाईंना काय झालं' असं लिहून. मजा म्हणून नाही. आईशप्पथ."

"बरं."

"नंतर त्याचं कुणी काय केलं, मला माहीत नाही. ग्रुपवर पूर्ण वर्ग होता." त्यानं खिशातून फोन काढला. "ते सगळे तास माझ्याकडे आहेत अजून. वर्षभराचे. एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये येत राहिले. मी ते तुमच्यासमोर डिलीट करतो. म्हणजे परत असं होणार नाही."

पडद्यावर ओळीनं छोटे चौकोन होते. प्रत्येकात पुस्तक धरलेल्या कालिंदीबाई, मागे त्यांच्या घरातली हिरवी भिंत. नीलनं सगळ्यांवर खुणा केल्या. अंगठा वर धरून त्यानं विचारलं, "करू?"

"कर."

चौकोन गेले. पडदा पांढरा झाला. नीलनं सुटकेचा श्वास सोडला.

"अकरावीला काय घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"कॉमर्स."

"लिहायला जमतं का आता?"

"जमतं थोडं."

त्यांनी त्याला डब्यातला उरलेला लाडू दिला. तो उभ्याउभ्याच खाऊन गेला.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी इरावतीला हे सांगितलं. सांगायचं म्हणून, सहज. इरावती भात कालवत होती.

"सगळे तास?" तिनं विचारलं.

"हो. वर्षभराचे होते."

"आई." इरावतीचा हात ताटात तसाच राहिला. "त्यात बाबा असतील."

ते खरं होतं. त्या वर्षी सुहासरावांचं ऑफिस कधी बंद तर कधी अर्धं. ते बंदराकडच्या एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून होते. दिवसच्या दिवस घरात. तास चालू असला की ते त्यांच्या मागे, पडद्यात न दिसता, खुर्ची टाकून बसायचे. लसूण सोलायचे. एकापाठोपाठ एक शिंकायचे, आणि वर्गातली मुलं तिकडून "काका, गॉड ब्लेस यू," म्हणायची. मध्येच विचारायचे, "कालिंदी, चष्मा कुठे ठेवलास गो माझो?" माईक बंद करायचं कालिंदीबाईंना कधीच सुचायचं नाही. घरात दुसरीकडे सुहासरावांचा आवाज कुठेच जपलेला नव्हता. लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागली होती, आणि फोनवर बोलून निरोप पाठवायची त्यांना लाज वाटायची.

इरावतीनं खरकट्या हातानंच फोन पुढे सरकवला. कालिंदीबाईंनी नीलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाई, बोला ना."

"नील, ते तास... कुठे उरले असतील का रे? एखादा?"

"नाही बाई," तो घाईनं म्हणाला. "तुम्ही अजिबात काळजी करू नका. घरी येऊन मी ते डिलीटेडमधूनपण काढले. आणि नेटवर बॅकअप होता ना, तोपण उडवला. जेनेल मिसनी आठवीच्या मुलांना सांगितलंय, तिथून काढल्याशिवाय जात नाही म्हणून. आता कुठेच नाहीत. जुना फोनपण फॉरमॅट मारला."

इरावतीनं डोळे मिटून घेतले.

"शाबास," कालिंदीबाई म्हणाल्या. "बरोबर केलंस."

"थँक्यू, बाई. गुड नाईट, बाई."

इरावती ताटावरून उठली आणि मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि त्याखाली तिच्या रडण्याचा. कालिंदीबाई तिथेच बसून राहिल्या. तिच्याकडे जायला हवं, हे त्यांना कळत होतं, आणि त्या जाणारही होत्या. त्याआधी त्यांनी एक घास घेतला. आमटीत मीठ घातलंय की राहिलंय, हे ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता येईना. त्यांनी दुसरा घास घेतला.